इंग्लंडमधला जुना दगडी बार्न वाचायचा कसा

उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशर डेल्समध्ये, म्हणजे यॉर्कशरच्या दऱ्यांच्या प्रदेशात, मुकर नावाचं एक लहान गाव आहे. गावामागून दगडी फरशांची पायवाट निघते आणि कुरणांमधून स्वेल नदीकडे जाते. वाटेत दगडी कुसवांनी आखलेली कुरणं एकामागून एक लागतात आणि जवळजवळ प्रत्येक कुरणात एक दगडी इमारत उभी दिसते. हा बार्न, म्हणजे गवत साठवायची आणि गुरं बांधायची इमारत. धुराडं नसतं, खिडक्या नसल्यासारख्याच असतात. दार एवढं बुटकं की उंच माणसाला वाकावं लागेल. रस्ता कुठेच जवळ नसतो.

पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा मी पुष्कळ फोटो काढले. घरी येऊन बघते तर सगळ्या इमारती एकसारख्या! नेमकं काय बघायचं तेच मला ठाऊक नव्हतं. पुढच्या काही वर्षांत वाचून, जुने नकाशे चाळून आणि एक-दोन शेतकऱ्यांशी कुसवावरून गप्पा मारून एक पद्धत हाताशी आली. पद्धत म्हणजे एकच प्रश्न, जो भिंतीतल्या प्रत्येक भोकाला विचारायचा: इथून आत काय जायचं आणि बाहेर काय यायचं? गवत, गाय, दूध, शेण, वारा, उजेड, कधी घुबडसुद्धा. या प्रश्नाची उत्तरं जुळली की इमारत आपोआप उलगडते. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या किंवा फिरायला येणाऱ्या मराठी मंडळींसाठी तीच पद्धत इथे क्रमानं लिहिते आहे. उदाहरण बहुतांशी स्वेलडेलचं, म्हणजे याच स्वेल नदीच्या दरीचं, घेतलं आहे, कारण ती दरी मला सर्वांत जास्त माहीत आहे. इतर प्रदेशांकडे शेवटी वळू.

घरून निघण्याआधी

दोन गोष्टी मोबाइलवर फुकट मिळतात. पहिली म्हणजे नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावरचे ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशे करणाऱ्या सरकारी संस्थेचे जुने नकाशे. नाव स्कॉटलंडचं असलं तरी इंग्लंडचे नकाशेही तिथे आहेत. मैलाला सहा इंच अशा मोठ्या प्रमाणाचे ते नकाशे आहेत, त्यामुळे कुरणातली प्रत्येक इमारत छोट्या चौकोनासारखी दिसते. यॉर्कशरची पहिली मोजणी १८४० आणि १८५० च्या दशकांतली आहे. आज दिसणारा बार्न त्या नकाशावर असेल, तर त्याचं वय किमान एवढं हे पक्कं झालं. नकाशात त्याचा आकार आजच्यापेक्षा लहान दिसला, तर वाढीव भाग कुठला हे शोधायचं काम तिथे गेल्यावर.

दुसरी गोष्ट म्हणजे हिस्टॉरिक इंग्लंड ही संस्था ठेवते ती राष्ट्रीय वारसा यादी. संरक्षित इमारतींच्या तिथे तीन श्रेणी आहेत: एक, दोन-तारा आणि दोन. प्रत्येक नोंदीत इमारतीचं थोडक्यात वर्णन असतं. साधे कुरणातले बार्न या यादीत सहसा सापडत नाहीत, पण त्या परिसरातली मोठी शेतघरं सापडतात. ते वर्णन आधी वाचू नका, असं माझं सांगणं आहे. इमारत स्वतः बघून या, आपली वही भरा, मग यादीशी ताडून पाहा. त्यानं नजर फार लवकर तयार होते.

बरोबर वही, पेन्सिल, होकायंत्र आणि मोजपट्टी घ्या. दुर्बीण असेल तर उत्तम, कारण बरीचशी माहिती आढ्याजवळ असते.

आधी जमीन, मग इमारत

बार्न दिसला की लगेच दाराशी जाऊ नका. पन्नास पावलं मागेच थांबा आणि उतार कुठून कुठे आहे ते बघा. पाणी कुठे आहे? कुरण सपाट आहे की चढाचं? बार्न कुरणाच्या वरच्या कडेला आहे की खालच्या?

हे कुरणातले बार्न गावापासून इतक्या दूर का बांधले, हा पहिला प्रश्न सगळ्यांनाच पडतो. आमच्या आजोळी, साताऱ्याकडे, गोठा घराला लागून होता. गवताचे भारे डोक्यावरून घरी यायचे आणि शेणखत गाडीतून शेतात जायचं. स्वेलडेलमध्ये शेतकऱ्यानं हे दोन्ही फेरे वाचवले. जुलैमध्ये कुरणातलं गवत कापून, वाळवून, त्याच कुरणातल्या बार्नमध्ये भरायचं. नोव्हेंबरात चार-सहा गाई त्याच बार्नमध्ये आणून बांधायच्या. मे महिन्यापर्यंत त्या आतच राहणार, तेच गवत खाणार आणि त्यांचं शेण वसंतात त्याच कुरणावर पसरलं जाणार. जडशीळ काहीच फार लांब न्यावं लागत नाही. चालायचं ते फक्त माणसानं, दिवसातून दोनदा, बर्फ असो वा पाऊस. दूध काढून ते पाठीवरच्या पत्र्याच्या डब्यातून घरी आणायचं, गाईंना ओढ्यावर पाणी पाजून परत बांधायचं. एका घराची कुरणं विखुरलेली असत, म्हणून बार्नही विखुरलेले. या दरीतली पुष्कळ कुटुंबं शिशाच्या खाणीत काम करून जोडीला चार गाई सांभाळत. मोठा वाडा बांधण्याइतकी शेती बहुतेकांकडे नव्हती.

आज जे बार्न उभे आहेत त्यातले बरेचसे अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातले आहेत. स्वेलडेल आणि तिची उपदरी आर्कनगार्थडेल मिळून हजाराच्या आसपास बार्न आहेत. १९८९ मध्ये इथले बार्न आणि कुसू मिळून एक संवर्धन क्षेत्र जाहीर झालं. एखादी वास्तू राखण्याऐवजी आख्ख्या दरीची मांडणी राखायची, हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. एकटा बार्न उचलून संग्रहालयात ठेवला तर त्याचा अर्धा भाग, म्हणजे कुरण, मागेच राहील.

म्हणून वहीत पहिली नोंद जमिनीची करा: उतार, पाणी, वाट, आणि दार कुठल्या दिशेला तोंड करून आहे.

भोकं मोजा

आता इमारतीभोवती एक पूर्ण फेरी मारा, अर्थात पायवाट तिथून जात असेल तर. नाहीतर वाटेवरून जेवढ्या बाजू दिसतील तेवढ्या बघा. चार भिंतींचे चार आयत वहीत काढा आणि प्रत्येक उघडा भाग त्यात दाखवा, बुजवलेलासुद्धा.

बुटकं दार गाईंचं. ते साधारण इमारतीच्या एका टोकाला असतं, कारण गोठा त्या टोकाला असतो. चौकटीचे दगड कमरेच्या उंचीला गुळगुळीत झालेत का ते पाहा. शेकडो हिवाळे गाईंचं अंग घासून तिथले दगड झिजतात. हात लावून बघितला की लगेच समजतं.

भिंतीत वर, साधारण माळ्याच्या उंचीला, एक चौकोनी मोठं भोक असतं आणि त्याला लाकडी झडप असते. हे गवताचं भोक. बाहेर उभ्या घसरगाडीवरून दाताळ्यानं गवत उचलून इथून आत फेकायचं. उताराचा फायदा इथे कळतो. बऱ्याचदा हे भोक चढाकडच्या भिंतीत असतं, कारण तिथे बाहेरची जमीन उंच असते आणि गवत तेवढं कमी उचलावं लागतं.

गोठ्याच्या भिंतीत जमिनीलगत एखादं लहान चौकोनी भोक दिसलं, तर ते शेण बाहेर ढकलायचं. त्याच्या बाहेर उकिरड्याची जागा असते. आता तिथे फक्त नेटल नावाची अंगाला खाज आणणारी झुडपं आणि दाट हिरवं गवत दिसेल. शेण पडून गेलेली जमीन शंभर वर्षांनीही आपली ओळख देते.

मग येतात अरुंद उभ्या फटी. बोटभर ते वीतभर रुंद, हातभर उंच. मी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा बाण मारायच्या जंग्या समजले होते. आपण किल्ले बघत मोठे झालेलो, त्यामुळे ही चूक आपल्याकडून हमखास होते. या फटी वाऱ्याच्या आहेत. ओलसर गवत रचलं की ते आंबून आतून तापतं, आणि फार तापलं तर पेटतंसुद्धा. वारा खेळता ठेवायचा, पण पाऊस आणि पाखरं आत येऊ द्यायची नाहीत, म्हणून फट बाहेरून अरुंद आणि आतून फाकलेली ठेवतात. आतल्या तिरप्या बाजूंवरून उजेडही पसरतो.

त्रिकोणी भिंतीच्या टोकाशी, आढ्याच्या जरा खाली, एखादं गोल किंवा त्रिकोणी भोक आणि त्याखाली पुढे आलेला एक दगड दिसला तर थांबा. ती गव्हाणी घुबडाची वाट. उंदरांचा बंदोबस्त करायला शेतकरी तिला मुद्दाम घर देत असे. खालचा दगड तिला उतरायला.

राहिली ती लहान चौकोनी भोकं, ठरावीक अंतरावर आणि एका ओळीत असलेली. त्यांना कुठलंच शेतीचं काम नाही. बांधकामाच्या वेळी परांचीची लाकडं तिथे रोवलेली होती, मग काढून घेतली. काही ठिकाणी ती बुजवलेली, काही ठिकाणी तशीच राहिलेली. आपल्याकडच्या जुन्या तटांमध्येही ही परांचीची भोकं असतात.

भिंत

भिंतीच्या जाडीचा अंदाज दारातून घ्या. कुरणातल्या बार्नची भिंत साधारण अर्धा मीटर किंवा जास्त जाड असते. ती एकसंध नसते. आतला आणि बाहेरचा असे दोन पापुद्रे रचून मधल्या पोकळीत बारीक दगडांची भर घालतात. वरचं वजन आलं की हे दोन पापुद्रे एकमेकांपासून फाकू पाहतात. ते बांधून ठेवायला भिंतीच्या पूर्ण जाडीचे लांब दगड अधूनमधून आडवे घालतात. हे आरपार दगड स्वेलडेलच्या बार्नची खूण आहेत, कारण तिथे त्यांची टोकं बाहेरच्या बाजूला तशीच पुढे आलेली ठेवली आहेत. दोन-तीन ओळींत, भिंतीवर कुणी बुटक्या फळ्या ठोकाव्यात तशी. तोडून सपाट करायला घडणावळ लागली असती आणि गाईला त्याचा काही उपयोग नव्हता. मला ती टोकं अतिशय आवडतात. कलत्या उन्हात त्यांच्या सावल्या भिंतीवर पडतात तेव्हा भिंत कशी बांधली ते बाहेरूनच वाचता येतं.

कोपरे बघा. भिंतीचा दगड अनघड असला तरी कोपऱ्याचे आणि दाराच्या चौकटीचे दगड मोठे, घडीव आणि आलटूनपालटून लांब-आखूड लावलेले असतात. पैसा जिथे खरंच हवा तिथेच खर्च केलेला.

दगड कुठला? उत्तर बहुधा पायाखालीच असतं. दगड वाहून नेणं हे घडवण्यापेक्षा महाग पडत असे. स्वेलडेलच्या खडकात चुनखडी, वालुकाश्म आणि शेल यांचे थर एकावर एक आहेत, म्हणून एकाच भिंतीत पांढुरका आणि तपकिरी असे दोन्ही दगड दिसतात. छपरासाठी पातळ थरांत फुटणारा वालुकाश्म वापरला आहे.

दर्जांकडे, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांकडे, नीट बघा. पुष्कळ बार्न मातीच्या गाऱ्यात किंवा चुन्यात बांधलेले आहेत. चुना दगडापेक्षा मऊ असतो. भिंतीत शिरलेलं पाणी दर्जांमधून बाहेर पडतं, झीज होते ती चुन्याची, आणि चुना पन्नास-शंभर वर्षांनी पुन्हा भरता येतो. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ चं, लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिनचं. विसाव्या शतकात शेतकऱ्यांनी हातासरशी मिळणारं सिमेंट दर्जांत भरलं. ते दगडाहून कठीण असतं. मग पाणी दगडातूनच बाहेर पडू लागतं. थंडीत ते गोठतं आणि सुमारे ९ टक्के फुगतं, त्यामुळे दगडाचे पापुद्रे सुटतात. राखाडी, कडक, पुढे आलेली दर्ज आणि तिच्या मध्ये खोलगट झालेला दगड दिसला, तर हे झालेलं आहे असं समजा. कुणाच्या मालकीचा जुना बार्न असेल आणि दुरुस्ती सुचवायची वेळ आली, तर मी एवढंच सांगेन: चुनाच वापरा, आणि चुन्यात काम केलेला गवंडीच शोधा.

आत, पण परवानगीनं

बार्न खाजगी असतो. पायवाटेचा हक्क वाटेपुरताच. शेतकरी भेटला आणि विचारलं तर बहुतेकदा आनंदानं दाखवतो, पण मोडकळलेल्या माळ्यावर चढू नका. दार उघडं असेल आणि वाट दारावरूनच जात असेल तर बाहेर उभं राहूनही बरंच दिसतं.

आतली विभागणी अशी असते. एका बाजूला गाईंचा गोठा, दुसऱ्या बाजूला गवताची जागा. गवताची जागा जमिनीपासून छपरापर्यंत मोकळी असते. डेल्समध्ये तिला म्यू म्हणतात. गाईंच्या डोक्यावर माळा असतो, तोही गवतानं भरायचा, म्हणजे वरून ऊबही राहते. गाई दोन-दोनच्या जोडीनं उभ्या असत, मध्ये उभ्या लाद्यांचे किंवा लाकडी फळ्यांचे आडोसे. या आडोशाला तिकडे बॉस्किन म्हणतात. दावणीचा खुंट, त्यावर वर-खाली सरकणारी कडी, पुढे गव्हाण, मागे शेणाची मोरी. आजोळचा गोठा पाहिलेल्या कुणालाही इथे नकाशाची गरज नाही. एक फरक मात्र चटकन दिसतो. गवत आणि गाय यांच्यामध्ये फक्त एक लाकडी किंवा दगडी आडभिंत असते आणि गवत थेट तिच्यावरून गव्हाणीत टाकता येतं. हिवाळ्याच्या अंधाऱ्या पहाटे कंदिलाच्या उजेडात किती पावलं चालायची, याचा विचार करून ती जागा आखली आहे.

भिंतीला चुन्याचा हात दिलेला असतो, थोडा उजेड वाढावा आणि किडे कमी व्हावेत म्हणून. भिंतीतले कोनाडे कंदील आणि औषधाच्या बाटलीसाठी. जुन्या तुळयांवर रोमन आकड्यांसारख्या खाचा असतील तर त्या सुतारांच्या: कुठला तुकडा कुठे बसवायचा याच्या खुणा. कंपासनं कोरलेली सहा पाकळ्यांची फुलं दिसली तर ती वाईट नजरेपासून गुरांना आणि धान्याला वाचवण्यासाठी कोरली असावीत असं मानतात. अशी फुलं दाराजवळच शोधा.

छपराचं कोन आणि वजन

छप्पर थोडक्यात सांगते. उतार बघा. यॉर्कशरच्या जाड दगडी फरशांचं छप्पर बेताच्या उताराचं असतं, कारण फरशी फार जड आहे आणि उभ्या उतारावर ती खाली घसरू पाहते. कॉट्सवोल्ड भागात फरशी पातळ आणि लहान, म्हणून तिथे उतार खूप उभा. दोन्हीकडे पागोळीच्या ओळीत सर्वांत मोठ्या फरश्या आणि आढ्याकडे जाताना त्या लहान-लहान होत जातात. खाणीतून निघालेला प्रत्येक तुकडा वापरला जावा आणि सर्वांत जास्त पाणी वाहतं तिथे सांधे कमी असावेत, हे दोन्ही हेतू त्यानं साधतात. ऑक्सफर्डशरमधल्या स्टोन्सफील्डला तर फरशी फोडायचं काम थंडीच करायची. खाणीतला ओला दगड उघड्यावर ठेवायचा, गोठणारं पाणी त्याचे थर सुटे करायचं.

फरशी खिळ्यावर नसून ओकच्या लाकडी खुंटीवर टांगलेली असते. खुंटी कुजली की एक फरशी घसरते, पाणी आत येतं, वासा कुजतो, आणि काही वर्षांतच भिंत उघडी पडते. बार्न मरतात ते बहुतेक असेच, एका घसरलेल्या फरशीपासून.

बदल शोधा

दोनशे वर्षं वापरात असलेली इमारत कधीच जशीच्या तशी राहत नाही. भिंतीत वरपासून खालपर्यंत सरळ उभी सांध आढळली, जिथे दगड एकमेकांत गुंफलेले नाहीत, तर एका बाजूचा भाग नंतर जोडलेला आहे. कुठल्या बाजूला कोपऱ्याचे घडीव दगड आहेत ते पाहा. ती बाजू जुनी, कारण एकेकाळी तो इमारतीचा कोपरा होता. छपराजवळचे दोन-तीन थर निराळ्या दगडाचे असतील तर छप्पर उंच केलेलं आहे.

दारावरच्या, वर्ष कोरलेल्या दगडावर लगेच विश्वास ठेवू नका. पाडलेल्या घरातून दगड आणून बसवत, किंवा दुरुस्तीचं वर्ष कोरत. साल आणि भिंत यांचं पटलं पाहिजे.

हिवाळ्यात, कलत्या उन्हात जा. अशा उन्हात हे सगळे सांधे उठून दिसतात. दुपारच्या उन्हात भिंत सपाट वाटते.

दरी बदलली की इमारत बदलते

वरची पद्धत कुठेही चालते, उत्तरं मात्र बदलतात.

लेक डिस्ट्रिक्टमध्ये चढात खोचलेला दुमजली बार्न बघा. खालच्या बाजूनं गाई-घोड्यांचा तळमजला, वरच्या बाजूनं गाडी थेट वरच्या मजल्यावर. गाडीच्या गवताला चढवावंच लागत नाही, डोंगरानंच ते काम केलेलं असतं. ट्राउटबेकच्या टाउनएंड या, नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या घरासमोरचा बार्न १६६६ सालचा आहे.

नॉर्थम्बरलंडमध्ये स्कॉटलंडच्या सीमेजवळ बास्टल नावाची घरं आहेत. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सतराव्याच्या मध्यापर्यंतची. सीमेपलीकडून आणि अलीकडूनही गुरं पळवणाऱ्या टोळ्या येत. तेव्हा गुरं तळमजल्यावर बंद करायची आणि माणसांनी वर राहायचं, शिडी ओढून घ्यायची. भिंती मीटरभर किंवा अधिक जाड. दाराच्या चौकटीत आडणा सरकवायची खाच असते, काही ठिकाणी दारावरून पाणी ओतायचं भोकही, कारण हल्लेखोर दार पेटवत. इथे आपली किल्ल्याची कल्पना खरी ठरते. टार्सेटजवळचं ब्लॅक मिडन्स बास्टल इंग्लिश हेरिटेज या जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहे. त्याच प्रदेशात पुढे मळणीयंत्र आलं. स्कॉटलंडच्या अँड्र्यू मीकलनं ते १७८६ च्या सुमारास तयार केलं. बार्नला चिकटून गोल किंवा षट्कोनी खोली दिसली तर तिथे घोडे गोल फिरून यंत्र चालवत. स्थानिक नाव जिन-गँग. बीमिशच्या संग्रहालयातल्या शेतावर एक आहे.

डेव्हनमध्ये लिन्हे शोधा: पुढून उघडी, दगडी खांबांवर उभी, खाली गुरं आणि वर गवताचा माळा. डार्टमूरवर ग्रॅनाइटची लांबघरं आहेत, एकाच छपराखाली वरच्या टोकाला माणसं आणि उताराच्या टोकाला गुरं. गोठ्याची मोरी शेवटच्या भिंतीतून बाहेर पडते, ते भोक शोधलं की घर सापडलं.

धान्याच्या प्रदेशात, विशेषतः दक्षिणेकडे, मोठा मळणीचा बार्न. समोरासमोर दोन दारं, एक भरल्या गाडीसाठी अवाढव्य, दुसरं बहुधा रिकाम्या गाडीपुरतं. दोन दारांच्या मधल्या पट्ट्यात मळणी. आपल्याकडे सुगीनंतर आभाळ कोरडं असतं, म्हणून खळं उघड्यावर केलं आणि वाऱ्याला तोंड करून उफणणी केली. इंग्लंडच्या पावसाळी हिवाळ्यात तेच खळं छपराखाली आणावं लागलं, आणि समोरासमोरची दारं उघडून वारा आत बोलवावा लागला. दोन्ही दारं उघडली की उफणणीपुरता झोत मिळतो. कणसं दोन्ही बाजूंच्या खणांत रचलेली असत आणि हिवाळाभर थोडी-थोडी झोडली जात.

मठांचे बार्न

हे दोन बार्न मात्र मुद्दाम प्रवास करून बघा. ऑक्सफर्डशरमधला ग्रेट कॉक्सवेल आणि विल्टशरमधला ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन. दोन्हींना लोक दशमांशाचे बार्न म्हणतात. चर्चला पिकाचा दहावा भाग द्यावा लागे, तो साठवायचे ते दशमांशाचे. पण हे दोन्ही मठांनी स्वतःच्या जमिनीच्या पिकासाठी बांधलेले होते. ग्रेट कॉक्सवेल ब्यूली (Beaulieu) मठाचा, त्याच्या लाकडातल्या वार्षिक वलयांवरून १२९० च्या दशकातला. लांबी ४६ मीटर, रुंदी १३ मीटर, उंची साधारण १५ मीटर. आत गेल्यावर लाकडी खांब दगडी चौथऱ्यांवर उभे दिसतात. चौथरे पुरुषभर उंच आहेत, खांबाचा बुंधा ओलीपासून आणि गाडीच्या धक्क्यापासून दूर ठेवण्यासाठी. कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिस जवळच केल्मस्कॉटला राहायचा आणि पाहुण्यांना हा बार्न दाखवायला आणायचा. ब्रॅडफर्डचा चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचा, शाफ्ट्सबरीच्या जोगिणींच्या मठाचा, ५१ मीटर लांब, आणि त्याच्या छपरावर अंदाजे १०० टन दगडी फरश्या आहेत. तिथे आत उभं राहून वर बघा आणि ते वजन वाशांतून, वक्र लाकडांतून, भिंतीबाहेरच्या टेकूंपर्यंत कसं उतरतं ते बोटानं हवेत रेखा. मी प्रत्येक वेळी तसं करते.

वही भरताना काही नियम

गव्हाणी घुबडं आणि वटवाघळं यांना १९८१ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. घरट्याजवळ जाऊ नका, फ्लॅश वापरू नका, फटीत टॉर्च मारू नका. जून-जुलैत कुरणात गवत उभं असतं तेव्हा एकामागोमाग एक अशा रांगेत चाला. तुडवलेलं गवत कापता येत नाही आणि ते कुणाचं तरी हिवाळ्याचं खाद्य आहे. फाटक जसं होतं तसंच ठेवा.

फोटो काढताना प्रत्येक भिंतीचा एक समोरून, सरळ, आणि शक्य असेल तर मोजपट्टी टेकवून काढा. मग तपशील. प्रत्येक फोटोला दिशा लिहा, नाहीतर दोन आठवड्यांनी उत्तर आणि दक्षिण भिंत एकच वाटते.

रूपांतर झालेलं असेल तर तेही नोंदवा. २०१४ पासून इंग्लंडमध्ये शेतीच्या इमारतीचं घर करायला एक सोपी परवानगी आहे. राष्ट्रीय उद्यानांत आणि वारसा यादीतल्या इमारतींना ती चालत नाही. गाईंच्या दाराला काच, गवताच्या भोकाची बाल्कनी, छपरात उजेडाच्या खिडक्या असं दिसलं की मला वाईट वाटतं, पण छप्पर शाबूत राहिलं याचं समाधानही होतं. काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला चारा आणि मोठ्या पत्र्याच्या शेड आल्यावर कुरणातल्या बार्नचं काम गेलं. काम गेलेल्या इमारतीची घसरलेली फरशी कोण बसवणार?

पहिल्या दिवशी एकच बार्न घ्या. मुकरच्या कुरणातला कुठलाही चालेल. रेल्वेनं डार्लिंग्टनपर्यंत आणि पुढे रिचमंड आणि रीथवरून जाता येतं. दोन तास त्या एका इमारतीला द्या, चार भिंती काढा, प्रत्येक भोकासमोर आत काय आणि बाहेर काय ते लिहा. एखादं भोक उत्तर देणार नाही. त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवा आणि पुढच्या कुरणातल्या बार्नमध्ये तेच भोक शोधा.